खोकला आला तर खोका, नळी सोडू नका

पाण्याखाली खोकता येतं. शिंकता येतं. पोटातलं सगळं उलटून पडलं, तरी नीट श्वास घेत सावकाश वर येता येतं. मालवणात स्कूबासाठी येणाऱ्या बहुतेक पर्यटकांना ही तीन वाक्यं कुणी सांगितलेली नसतात. त्यांना सांगितलं जातं ते एवढंच: घाबरू नका, नाकाने श्वास घेऊ नका, कॅमेरा समोर आला की हात हलवा.

नारळी पौर्णिमा होऊन गेली, पाणी निवळू लागलं, दिवाळीच्या सुट्टीच्या बुकिंगचे फोन वाजू लागले. दांडी, चिवला, तारकर्ली, देवबाग, सगळीकडे बोटींना रंग लागतोय. हंगाम तोंडावर असताना माझं म्हणणं मांडते. ही तीन वाक्यं सांगितल्याशिवाय आणि कमरेइतक्या पाण्यात करून दाखवल्याशिवाय कुणालाही बोटीवरून खाली नेऊ नये. आणि ज्याला सर्दी-खोकला आहे, त्याला पैसे परत देऊन किनाऱ्यावरच ठेवावं. यात मी शोधून काढलेलं काही नाही. जगभर स्कूबा शिकवणाऱ्या संस्थांच्या पुस्तकांत हे आहे. आमच्याकडे ते पुस्तकाबाहेर पडत नाही, एवढीच अडचण आहे.

मी दांडीवरची. वडिलांची रापण होती, आई बाजारात मासे विकायला बसायची. आता मी याच पाण्यात लोकांना स्कूबाला नेते. आणि मला बोट लागते. गाबिताच्या पोरीला बोट लागते म्हणून वाड्यात भरपूर चेष्टा झाली, अजून होते. आमचा तांडेल नांगर टाकता टाकता हटकून विचारतो, "काय गे, आज काय खाऊन इलंस? माशांका काय गावतला?" त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. बोटीच्या कडेवरून कुणी ओकलं, की खालचे पट्टेदार मासे झुंडीने वर येतात आणि क्षणात पाणी साफ करतात. पर्यटकांना ते दृश्य आवडत नाही, पण त्यातून एक गोष्ट लक्षात येते: समुद्राला उलटीचं काही वाटत नाही. वाटतं ते आपल्याला, आणि ती लाजच पाण्याखाली महागात पडते.

समुद्र लागण्याचा संबंध धाडसाशी नाही. चार्ल्स डार्विन 1831 च्या डिसेंबरात 'बीगल' जहाजावर चढला आणि 1836 मध्ये परतला. जवळपास पाच वर्षांच्या त्या सफरीत समुद्राने त्याला शेवटपर्यंत छळलं. कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा असते. ती सांगते, आपण हलतोय. डोळे बोटीच्या फळीवर किंवा मोबाइलवर खिळलेले असले, तर ते सांगतात, सगळं स्थिर आहे. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही तेव्हा मळमळायला लागतं. गगनबावड्याच्या किंवा फोंड्याच्या घाटात ज्याला गाडी लागते, त्याला बोट लागण्याची शक्यता जास्त असते ती याचमुळे. माझ्याकडे येणाऱ्यांतले कितीतरी जण रात्रभर तोच घाट उतरून, न झोपता, सकाळी मिसळ खाऊन थेट बोटीवर चढतात.

उलटीकडे पुन्हा येईन. सुरुवात खोकल्यापासून करू, कारण तो सगळ्यांत जास्त आढळतो.

पहिल्यांदा पाण्यात जाणाऱ्याला खोकला येण्याची कारणं ठरलेली आहेत. सिलिंडरमध्ये हवा भरताना तिच्यातला ओलावा मुद्दाम काढून टाकलेला असतो, नाहीतर सिलिंडर आतून गंजतो. ही कोरडी हवा दाबातून सुटताना गारही होते. घाबरलेला माणूस ती तोंडाने भराभरा ओढतो आणि घसा खवखवायला लागतो. दुसरं कारण खाऱ्या पाण्याचे थेंब. नळीचा रबरी तुकडा ओठांत नीट धरला नसेल किंवा श्वास सोडायच्या झडपेत वाळूचा कण अडकला असेल, तर हवेबरोबर पाण्याचा बारीक फवारा येतो. तिसरं कारण मिशी. झुबकेदार मिशा मिरवणारे आमचे कोल्हापूर-सांगलीचे पाहुणे मास्क लावतात, आणि मिशीच्या केसांतून पाणी झिरपून नाकाशी साचतं. त्यांनी सवयीने नाकाने श्वास घेतला, की ते पाणी थेट घशात जातं.

या तिन्हींवर उपाय आहेत आणि ते बिनखर्चाचे आहेत. बोटीवर चढण्याआधी पाणी प्यावं. पहिले काही श्वास मंद आणि लांब घ्यावेत. जीभ टाळूला लावून ठेवली तर थेंब जिभेवर अडतात, घशात जात नाहीत. घसा कोरडा पडला तर तोंडात लाळ जमवून गिळावी. मास्कची वरची कड कपाळावर दाबून, मान जरा वर करून, नाकाने जोरात श्वास सोडला की मास्कमधलं पाणी खालून निघून जातं. एवढं करूनही खोकला आला तर? तर खोकायचं. नळीतच.

गेल्या हंगामात गडहिंग्लजच्या एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. सगळ्यांचं ऐकून झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"अगं, खाली गेल्यावर खोकला आला तर?"

"खोकायचं, काकू."

"त्या नळीतच?"

"नळीतच. एका हाताने ती तोंडाशी धरून ठेवायची आणि मोकळेपणाने खोकायचं."

"शी! आणि मग तीच दुसऱ्याच्या तोंडात देणार तुम्ही?"

"नाही हो. जंतुनाशकाच्या पाण्यात धुतल्याशिवाय नाही."

त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला तो या शेवटच्या वाक्याने. खाली गेल्यावर त्यांना खोकला आलाच. त्यांनी हात नळीवर ठेवला, मनसोक्त खोकल्या, दोन श्वास घेतले आणि अंगठा व तर्जनी जुळवून मला 'सगळं ठीक' अशी खूण केली. डाइव्ह पुढे छान झाला. त्यांना धीर हवा होता तो उपकरण खराब होईल या संकोचातून सुटण्यासाठी. माझ्या अनुभवात नळी उपटून काढणारी बरीच माणसं बुडण्याच्या भीतीने ती काढत नाहीत. बसमध्ये तोंडावर रुमाल धरावा तसं, दुसऱ्याच्या वस्तूत खोकायचं कसं, या संस्काराने काढतात.

आणि तिथेच धोका आहे. खोकल्याची उबळ संपली की शरीर आपोआप खोल श्वास ओढतं. तो श्वास रोखणं आपल्या हातात नसतं. तोंडात नळी असेल तर हवा मिळते, नसेल तर पाणी. हे यंत्र तयार करणाऱ्यांनी आपल्यासाठी पुरेसा विचार केलेला आहे. जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी 1943 मध्ये फ्रान्समध्ये जे उपकरण बनवलं, त्याचंच तत्त्व आजच्या रेग्युलेटरमध्ये आहे. श्वास ओढला की आतला पडदा खेचला जातो आणि आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाची हवा तोंडात येते. श्वास सोडला की एकमार्गी झडपेतून ती बाहेर पडते. खोकला म्हणजे जोरात सोडलेला श्वास. झडपेला त्याने काही फरक पडत नाही. तोंडावरच्या भागाला एक बटण असतं. ते दाबलं की हवेचा झोत येतो आणि आत जे काही असेल ते बाहेर फेकलं जातं. नळी चुकून निसटली, तर ती परत तोंडात घालून श्वास सोडायचा किंवा हे बटण दाबायचं, आणि मगच श्वास घ्यायचा. कमरेइतक्या पाण्यात हे शिकवायला पाच मिनिटं लागतात.

एक नियम मात्र याहून कडक आहे, आणि 'इथे काय, पाच-सहा मीटर तर खोल' असं म्हणणाऱ्यांनी तो मुद्दाम वाचावा. खोकला आला की वर पळायचं नाही. पाण्यात दर 10 मीटरला एक वातावरणाइतका दाब वाढतो. 5 मीटर खोलीवर छातीत पाच लिटर हवा भरून घेतली आणि श्वास रोखून वर आलात, तर पृष्ठभागावर तिला साडेसात लिटर जागा लागेल. एवढी जागा छातीत नसते. फुप्फुसाला इजा होते, हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. भरलेल्या छातीने श्वास रोखला असेल, तर दीड-एक मीटर वर येणंसुद्धा इजा व्हायला पुरेसं ठरू शकतं. खोकण्याआधी क्षणभर कंठ बंद होतो आणि छातीतला दाब वाढतो. म्हणून खोकला आला की थांबायचं, दोर किंवा गाईडचा हात धरायचा, खोकून घ्यायचं, दोन शांत श्वास घ्यायचे आणि मग सोडत्या श्वासाबरोबर वर निघायचं. उथळ पाणी सुरक्षित ही समजूत या बाबतीत उलटी आहे. दाबातला फरक सगळ्यांत झपाट्याने होतो तो पृष्ठभागाजवळच्या काही मीटरांतच.

शिंकेचं काम सोपं आहे. पाण्याखाली धूळ नसते, त्यामुळे शिंका कमी येतात. आलीच, तर तळवा मास्कवर आणि नळीवर ठेवायचा आणि शिंकून मोकळं व्हायचं. मास्क जरा हलतो, थोडं पाणी आत येतं, नाकातला ऐवज काचेवर दिसतो. मघाच्याच पद्धतीने तो काढून टाकायचा. नाक चिमटीत धरून शिंक दाबायची मात्र नाही, तो दाब कानावर जातो. वर आल्यावर एखाद्याच्या तोंडावर शेंबूड दिसला तर जाणता गाईड मास्क उतरवायच्या आत त्याच्या चेहऱ्यावर ओंजळभर पाणी मारतो आणि काही न बोलता पुढे होतो.

पण शिंक वारंवार येतेय, नाक चोंदलंय, याचा अर्थ सर्दी आहे. आणि सर्दी असेल तर पाण्याखाली जायचंच नाही. इथे मी ताणून धरते. मधल्या कानापासून नाकाच्या मागच्या बाजूपर्यंत एक अरुंद वाट असते, युस्टेशियन नलिका. खोल जाताना पाणी कानाचा पडदा आत दाबतं, तेव्हा नाक धरून हलकेच फुंकर घातली की या वाटेने हवा कानात जाते आणि दाब सारखा होतो. दुखायची वाट न पाहता, उतरायला लागल्यापासूनच ही फुंकर थोड्या थोड्या अंतरावर घालत राहायची असते. सर्दीने ही वाट सुजून बंद झालेली असेल तर हवा जात नाही. पडदा ताणला जातो, कानात रक्त उतरू शकतं, पडदा फाटूही शकतो. जोर करून फुंकलं तर आतल्या कानालाही इजा होते. कानाला दाबामुळे होणारी ही दुखापत डायव्हरांमध्ये सर्वांत जास्त आढळते.

यावर लोकांचा आवडता तोडगा म्हणजे नाक मोकळं करणारे थेंब. थेंब टाकले, नाक उघडलं, चला खाली. पण औषधाचा अंमल पाण्याखालीच उतरला तर? तेव्हा कानात आणि कपाळाच्या पोकळ्यांत अडकलेल्या हवेला वर येताना बाहेर पडायला वाट उरत नाही. उतरताना कान दुखला तर खालून वर येता येतं. वर येताना दुखला तर हवा संपायच्या आत यावंच लागतं. दमा असणाऱ्याने, कानाचं ऑपरेशन झालेल्याने, छातीत कफ असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय या भानगडीत पडू नये. 'मालवणची खारी हवा लागली की खोकला जातो' हे आजीचं म्हणणं किनाऱ्यावर बसण्यापुरतं ठीक आहे.

किनाऱ्यावर मी एक साधी परीक्षा घेते. नाक धरा, तोंड मिटा, हलकेच फुंका. दोन्ही कानांत 'टक्' झालं का? एका कानात झालं नाही, तरी आज पाणी नाही. एका ठिकाणी मी कामाला असताना पुण्याहून आलेला एक तरुण या परीक्षेत अडकला. नाक वाहत होतं, डोळे लाल. मी त्याला नको म्हटलं. तो म्हणाला, "ताई, ग्रुपचे पैसे भरलेत, मी एकटाच बोटीवर बसून काय करू?" मालकाने त्याला दुसऱ्या गाईडबरोबर उतरवलं. तो वर आला तेव्हा मास्कमध्ये रक्त होतं आणि कानात दडे बसले होते. नाकातलं रक्त थोड्या वेळाने थांबलं. कानासाठी त्याला डॉक्टर गाठावा लागला. त्या मुलाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. पैसे परत मिळणार नाहीत हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने स्वतःच्या कानाशी जुगार खेळला. 'पैसे परत मिळणार नाहीत' ही पाटी माणसाला खोटं बोलायला लावते.

आता बोट लागण्याकडे. लोकांना वाटतं पाण्याखाली जास्त मळमळेल. होतं उलट. मालवणात सगळ्यांत वाईट जागा म्हणजे नांगरलेली बोट: डुलणारी, इंजिनाचा धूर अंगावर घेणारी, उन्हात तापलेली. त्याहून वाईट म्हणजे सगळं ओझं अंगावर घेऊन पृष्ठभागावर तरंगत राहणं. लाटेची हालचाल खोलीबरोबर कमी होत जाते. खाली गेलं की पुष्कळांचं पोट शांत होतं. म्हणून ज्याला मळमळतंय त्याला पहिल्या फेरीत उतरवायला हवं. आमच्याकडे नंबर लागतो तो पावतीच्या क्रमाने. तोंड पांढरं पडलेला माणूस शेवटच्या फेरीपर्यंत बोटीवरच झुलत राहतो, आणि मग रिकाम्या, पिळवटलेल्या पोटाने त्याला खाली नेलं जातं.

मी स्वतः काय करते ते सांगते. आदल्या रात्री मद्य नाही, जागरण नाही. सकाळी तुपाविना पेज किंवा दोन घावणे, उपाशीपोटी कधीच नाही. बोटीच्या मध्यावर बसायचं, धुराच्या विरुद्ध बाजूला, नजर किल्ल्याच्या तटावर किंवा क्षितिजावर. मोबाइल पिशवीत. मास्क, बेल्ट सगळं किनाऱ्यावरच जुळवून ठेवायचं, म्हणजे हलत्या बोटीत मान खाली घालून पट्टे ओढत बसावं लागत नाही. शक्यतो सकाळची पहिली बोट. आमच्याकडे हंगामात दुपारनंतर वारा वाढतो आणि पाणी खवळतं. आल्याचा तुकडा मी चघळते. त्याचा गुण किती आणि मनाचं समाधान किती, यावर वाद घालणार नाही. खाली गेल्यावर पाणी मागे-पुढे झुलवत असेल, तर हलणाऱ्या शेवाळाकडे बघायचं नाही, खडकाकडे बघायचं.

गोळ्यांबद्दल दोन शब्द. घाटात गाडी लागू नये म्हणून घेतात त्या गोळ्या बोटीलाही चालतात, पण त्या आधी घ्याव्या लागतात. ओकारी सुरू झाल्यावर गिळलेली गोळी बाहेरच येते. त्यांतल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, आणि पाण्याखाली पेंगणं परवडत नाही. म्हणून डॉक्टरांना 'स्कूबाला जाणार आहे' असं सांगून त्यांच्याकडून घ्यावी, आणि आपल्याला किती गुंगी येते हे आधी एकदा घरी पाहून ठेवावं.

आणि तरीही पाण्याखाली उलटी आलीच तर? नियम खोकल्याचाच. नळी तोंडात, हात नळीवर, उलटी नळीतून. पातळ पदार्थ झडपेतून निघून जातो. उलटीनंतर येणारा श्वास खोकल्यानंतरच्या श्वासाहूनही अनावर असतो, म्हणून तो घेण्याआधी बटण दाबून नळी साफ करायची. मिसळीतल्या मोडाच्या मटकीने झडप अडली, असं वाटलं तर गाईडजवळ दुसरी, जादा नळी असते ती घ्यायची. काही प्रशिक्षक नळी जराशी सैल करून, बटण दाबून ठेवत उलटी करायला शिकवतात. पहिल्यांदा आलेल्याला मी ते सांगत नाही, तोंडातली नळी तोंडातच राहू द्या, एवढंच सांगते. उलटी झाली की डाइव्ह संपला असं समजायचं आणि गाईडबरोबर सावकाश वर यायचं. गाईडला खूण कशी करायची? तळवा आडवा धरून डावी-उजवीकडे हलवायचा, म्हणजे 'काहीतरी गडबड आहे', आणि मग घसा किंवा पोट दाखवायचं. अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'मस्त' नव्हे, 'वर चला' असा होतो. ही खूण न समजल्याने आनंदात असलेली माणसं उगाच वर आणली जातात.

हे सगळं सांगायला किती वेळ लागतो? पाण्यातल्या सरावासकट पंधरा-वीस मिनिटं. मग सांगत का नाहीत? कारण सकाळच्या शांत पाण्यात जास्तीत जास्त फेऱ्या बसवायच्या असतात. दर इतके खाली आलेत, की माणूस मोजूनच हिशेब जुळतो. गाईड पोरांना फेरीमागे पैसे मिळतात. मालकांचं एक म्हणणं मी आदराने ऐकते: "गे बाय, उलटीची गोष्ट केलंस तर गिऱ्हाईक पळतला." सुट्ट्यांच्या मोजक्या आठवड्यांवर वर्षाचा संसार चालतो, पावसाळ्यात सगळं बंद असतं, कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. मी त्याच वाड्यात राहते, मला हे कळतं.

पण माझा अनुभव त्यांच्या भीतीच्या उलट आहे. ज्याला आधी सांगितलंय तो खोकून पुढे जातो. ज्याला सांगितलेलं नाही तो पहिल्याच उबळीला नळी काढतो, गाईडच्या अंगावर चढतो, त्याचा मास्क ओढतो आणि अर्ध्यातून वर येतो. त्याचा व्हिडिओही होत नाही आणि पुढच्या माणसाचा वेळही जातो. इजा होते ती पर्यटकाला आणि त्याला धरून वर आणणाऱ्या विशीतल्या पोरालाही. न सांगण्याने वाचलेली पंधरा मिनिटं पाण्याखाली गाईड पोरं भरून देतात.

मे 2022 मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. अशा घटनेनंतर बोटीचा परवाना, माणसांची संख्या, लाइफ जॅकेट यांची चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. पण पाण्यात उतरल्यावर माणसाला काय ठाऊक असावं, याची चर्चा होत नाही. तारकर्लीत एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, म्हणजे शिकवणारी माणसं जिल्ह्यातच आहेत. जिल्हा प्रशासन आणि मेरिटाइम बोर्ड यांनी परवान्याला दोन अटी जोडाव्यात. पहिली, पर्यटकाच्या भाषेत सूचना आणि उथळ पाण्यात सराव. आरोग्याचा फॉर्म आज इंग्रजीत असतो, क्लिपबोर्डवर पुढे सरकवला जातो आणि न वाचता सही होते. तो मराठी, हिंदी आणि कानडीत असावा आणि पैसे घेण्याआधी वाचून घेतला जावा. दुसरी अट, सर्दी, खोकला किंवा कान न उघडणं या कारणाने किनाऱ्यावर थांबणाऱ्याला पूर्ण पैसे परत. जोडीला प्रत्येक गिऱ्हाइकानंतर नळी जंतुनाशकात धुतली जातेय की नाही, हे कधीही येऊन पाहावं. करोनाने एवढं तरी शिकवलंय, की एकाच्या तोंडातली सर्दी दुसऱ्याच्या तोंडात पोहोचायला फार काही लागत नाही.

अटी येतील तेव्हा येतील. तोवर वाचकांच्या हातात एक गोष्ट आहे. या सुट्टीत मालवणला याल तेव्हा पैसे देण्याआधी विचारा: "पाण्याखाली खोकला आला तर काय करायचं?" समोरच्याने हसण्यावारी नेलं तर पुढच्या टपरीवर जा. त्याने नळी हातात घेऊन नीट दाखवलं, तर तुमचा माणूस तो, चार पैसे जास्त पडले तरी त्याच्याबरोबरच उतरा. आणि नाक वाहत असेल तर त्या दिवशी किल्ला पाहा, सोलकढी प्या आणि स्कूबाचे पैसे परत मागा. मागायला लाजू नका.